हवा ऊन बघून नको, ओझं बघून भरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

होळी झाली की माझ्या दुकानात एक वाक्य रोज ऐकू येतं. "मामा, हवा जरा कमीच ठेवा. ऊन लई पडायलंय, फुटंल टायर." बोलणारा कधी कॉलेजचा पोरगा असतो, कधी माझ्याहून वयानं मोठा शेतकरी. पूर्वी हे एकमेकांचं ऐकून चालायचं. आता मोबाइलवर निरोपच फिरतात, त्यामुळं माणूस दुकानात येतो तो ठरवूनच. लातूर-नांदेड रस्त्यावर अहमदपूरजवळ एका फाट्यावर माझं टायर-पंक्चरचं दुकान आहे. फाटलेले, फुटलेले टायर उघडून आत काय झालंय ते बघणं हाच माझा धंदा. त्यावरून खात्रीनं सांगतो की उन्हाळ्यात हवा कमी केली म्हणून टायर वाचत नाही, उलट त्यामुळंच तो लवकर जातो. आणि जाताना कधी कधी माणसाला घेऊन जातो. म्हणून हे पत्र. लांबलंय, पण जागा द्यावी ही विनंती.

चाक फिरतं तेव्हा टायरचा जमिनीला टेकलेला भाग दबतो आणि वर गेला की परत सरळ होतो. ताशी पन्नासच्या वेगानं गाडी चालली असेल तर आपल्या नेहमीच्या अठरा इंची चाकाचे सेकंदाला सातएक फेरे होतात. म्हणजे टायरची बाजूची भिंत सेकंदाला सात वेळा वाकते आणि सात वेळा सरळ होते. बायंडिंगची तार हातानं तोडायची असली की आपण ती पुढंमागं वाकवत राहतो आणि तुटायच्या आधी ती बोटाला चटका देते. टायरचं तेच होतं. हवा बरोबर असेल तर वाकणं थोडं, ताप थोडा. हवा कमी केली की भिंत जास्त खोल वाकते, जास्त तापते. टायरच्या आत नायलॉनच्या दोऱ्यांचे थर असतात, त्यांना रबरानं धरून ठेवलेलं असतं. तापून तापून हे रबर दोरा सोडायला लागतं. वर ट्यूब आतल्या आत घासत असते ती वेगळीच. असा टायर रिंगेतून काढून झटकला की आतून काळी भुकटी पडते आणि भिंतीच्या आतल्या बाजूनं गोल वळ उठलेला दिसतो. ती भुकटी म्हणजे त्याच टायरचं झिजलेलं रबर. 'उन्हानं फुटला' म्हणून माझ्याकडं आलेल्या टायरमधून मी ही भुकटी फार वेळा काढली आहे, आणि मालकाच्या तळहातावर ठेवून दाखवलीही आहे.

मग उन्हाचा काहीच परिणाम नाही का? आहे, पण तो किती आहे हे नीट बघावं. हवा तापली की दाब वाढतो, साधारण सहा अंशाला एक पौंड. पौंड म्हणजे गेजवर पीएसआय लिहिलेलं असतं ते. सकाळी २८ पौंड भरून निघालेली गाडी दुपारी बारा-तेरा अंशांनी जास्त उन्हात उभी राहिली तर दोन पौंड वाढतील. रस्त्यावर पळाल्यावर आणखी दोन-तीन. म्हणजे गेज ३२-३३ दाखवेल. टायर बनवणाऱ्याला भारतात ऊन पडतं हे माहीत आहे. हवेचा आकडा ठरवताना हा वाढावा धरलेलाच असतो आणि धड टायर याच्या कितीतरी जास्त दाब सोसतो. चार-पाच पौंडांच्या वाढीनं चांगला टायर फुटत नाही. फुटतो तो आधीच सुटायला लागलेला, दोरा दिसायला लागलेला, पॅचवर पॅच चढवलेल्या ट्यूबचा, आणि त्यावर तिघं बसलेले असतात.

आता ज्यानं भर दुपारी तापल्या गाडीची हवा सोडायला लावली, त्याचं काय होतं? गेजवर ३२ दिसले म्हणून त्यानं २५ वर आणून ठेवली. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी थंड झाल्यावर तीच हवा २१ च्या आसपास येते. भाजी घेऊन बाजाराला जाणारा माणूस पहाटे पाचला त्याच गाडीवर पाट्या बांधतो. मालकाला वाटतं आपण काळजी घेतली, आणि त्याचं मागचं चाक दिवसभर वाकून वाकून तापत असतं.

थंड टायर म्हणजे किमान तीन तास उभी असलेली, उन्हात नसलेली गाडी. गाडीच्या पुस्तिकेतला आकडा असतो तो थंड टायरचा. सकाळी घरातून निघायच्या आधी मोजावं, असं मी सगळ्यांना सांगतो. पण हवा भरायची सोय घरी नसते आणि पंप सहा-सात किलोमीटरवर असतो, ही अडचण खरी आहे. त्याला उपाय सोपा आहे. समजा घरी थंड गाडीला गेज लावलं, २४ आले. पाहिजेत २८. म्हणजे चार कमी. पंपावर पोचेपर्यंत टायर तापून गेज २६ दाखवायला लागेल. तिथं २८ वर थांबायचं नाही, ३० करायचे. चार कमी होते, चार घातले, हिशेब पुरा. उद्या सकाळी २८ च दिसतील. आणि तापलेल्या टायरची हवा कधीच सोडायची नाही, मग गेजवर काहीही दिसो.

पाहिजेत किती, हा आकडा गाडीवर लिहिलेला असतो. बऱ्याच गाड्यांना तो चेनकव्हरवर किंवा मागच्या चाकाला धरणाऱ्या दांडीवर छोट्या स्टिकरवर असतो. आपल्याकडं त्यावर चिखल बसलेला असतो, नाहीतर गाडी नवी घेतल्या घेतल्या स्टिकर काढून तिथं देवाचं किंवा आडनावाचं चिकटवलेलं असतं. स्टिकर गेलं असेल तर पुस्तिकेत बघावं. शंभर ते सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्यांना पुढं २५ पौंड, मागं एकट्याला २८-२९ आणि डबलसीटला ३२-३३ असे आकडे असतात. काही गाड्यांना डबलसीटला मागं याहून बरंच जास्त सांगितलेलं असतं. स्कूटरचं वेगळं, कुठं पुढं २२ च पुरतात. म्हणून शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नये. काही पुस्तिकांत आकडा किलोपास्कलमध्ये असतो, काहींत किलो दर चौरस सेंटिमीटरमध्ये. १७५ किलोपास्कल म्हणजे २५ पौंड, २०० म्हणजे २९, २२५ म्हणजे ३३. किलोत असेल तर पावणेदोन किलो म्हणजे २५ आणि दोन किलो म्हणजे २८.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण शिकलेली पोरंसुद्धा इथं फसतात. टायरच्या बाजूला इंग्रजीत बारीक अक्षरात एक दाब कोरलेला असतो, कुठं २८० किलोपास्कल, कुठं ४१ पौंड. पोरगा मोबाइलची बॅटरी पाडून तो वाचतो आणि म्हणतो, "मामा, टायरवरच एक्केचाळीस लिहिलंय, तेवढी भरा." तो आकडा त्या टायरची वरची हद्द आहे. एवढा दाब असताना एवढं जास्तीत जास्त वजन हा टायर पेलतो, इतकंच तिथं सांगितलंय. टायर बनवणाऱ्याला तो कोणत्या गाडीला बसणार हे माहीत नसतं. गाडी बनवणाऱ्याला गाडीचं वजन, पुढंमागं ते कसं वाटलं जातं, शॉकअप कसे आहेत, हे सगळं माहीत असतं. म्हणून ऐकायचं ते गाडीवरच्या स्टिकरचं.

आता ओझ्याकडं येतो. या पत्राचं खरं कारण तेच आहे.

गाडीचं आणि माणसांचं वजन टायरमधली हवा पेलते, रबर फक्त हवेला कोंडून ठेवतं. ढोबळ हिशेब करून बघा. मागच्या चाकावर शंभर किलो भार आहे आणि हवा २८ पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दोन किलो. तर टायरचा साधारण पन्नास चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला टेकला की भार तोलला गेला. दहा सेंटिमीटर लांब आणि पाच रुंद, एवढ्याशा जागेवर मागचं चाक उभं असतं. आता हवा तेवढीच ठेवून मागं माणूस आणि एक पोतं वाढवलं, भार पावणेदोनशेवर गेला, तर टायरला जवळजवळ दुप्पट जागा टेकवावी लागते. ती कुठून येणार? भिंत खाली बसते, टायर चपटा होतो, वाकणं वाढतं, आणि वर सांगितलेलं तापणं सुरू होतं. डबलसीटचा आकडा वेगळा देतात तो यासाठी. ऋतू बदलला म्हणून आकडा बदला असं मी कुठल्याच पुस्तिकेत वाचलेलं नाही. ओझं बदललं की बदला असं मात्र सगळ्यांत असतं.

आपल्या भागात मोटारसायकल ही एकट्यानं कामाला जायची गाडी राहिलेलीच नाही. मृगाच्या तोंडावर खताच्या दुकानासमोर उभं राहा. युरियाचं पोतं ४५ किलोचं, डीएपीचं ५० चं. एकावर एक दोन्ही पोती मागच्या सीटवर टाकून, त्याला दोरी आवळून, त्यापुढं टाकीवर सरकून बसलेला माणूस तुम्हाला पाच मिनिटांत दिसेल. पंचाण्णव किलो खत आणि साठ-पासष्टचा माणूस, म्हणजे झाले एकशे साठ. या गाड्यांना चालक धरून सव्वाशे-दीडशे किलोंच्या आसपासच वजन न्यायची परवानगी कंपनीनं दिलेली असते. दूधवाल्यांचं बघा. चाळीस लिटरचे दोन कॅन भरले की नुसतं दूधच ऐंशी किलोंच्या वर, कॅनचं वजन वेगळं, आणि ते सगळं मागच्या चाकाच्या मागंपुढं लटकलेलं. लग्नसराईत तर आई, बाप, मधे दोन लेकरं, हँडलला आहेराची पिशवी. मी ओझं नेऊ नका म्हणणार नाही. गावातून एकच बस सकाळी असते आणि ती गेली की दिवसभर दुसरं काही नसतं, तिथं माणसानं काय करावं? पण ओझं न्यायचंच आहे तर निदान मागच्या टायरमध्ये डबलसीटचा आकडा पुरता भरून न्या. पोतं बांधायच्या आधी भरा. आणि दोन पोत्यांच्या दोन खेपा करा. पेट्रोल थोडं जास्त जाईल, पण दोन पोती एकदम नेताना लोह्याच्या बाजूच्या एखाद्या उतारावर मागचा टायर बसला तर ते वजन माणसाच्या पाठीवर येतं.

एक दूधवाला माझ्याकडं नेमानं हवा बघून घेतो. त्यानं विचारलं, "जाताना कॅन भरलेले, येताना रिकामे. मग येताना हवा कमी करू का?" चांगला प्रश्न आहे. जाताना लागते ती हवा भरावी आणि येताना तशीच राहू द्यावी, असं मी त्याला सांगितलं. रिकाम्या गाडीला तीन-चार पौंड जास्त असले तर गाडी थोडी आदळते, ब्रेकला जरा सांभाळावं लागतं, खडीवर मागचं चाक उडतं. त्रास आहे, पण सांभाळून चालवली तर धोका थोडा. भरल्या गाडीला तीन-चार पौंड कमी असले तर धोका खरा. ज्याच्या मागं महिन्यातून एखाद्या वेळीच कोणी बसतं त्यानं मात्र एकट्याचा आकडा ठेवावा आणि कोणाला बसवायचं असेल त्या दिवशी भरून घ्यावी.

उलट्या बाजूचे लोकही कमी नाहीत. "दाबून भर, महिनाभर बघायला नको" म्हणत मागं पंचेचाळीस आणि पुढं चाळीस भरून घेणारे. त्यांना वाटतं ॲव्हरेज वाढतं. कडक टायर सहज फिरतो हे खरं, पण तो जमिनीला टेकतो मधल्या पट्टीवरच. मधली नक्षी घासून गुळगुळीत होते आणि दोन्ही कडांची नवीच्या नवी राहते. पेट्रोलमध्ये वाचलेलं टायरमध्ये जातं. पण माझी काळजी पुढच्या चाकाची आहे. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढं येतो, थांबवायचं काम मुख्यतः पुढचा टायर करतो. पुढं चाळीस भरलेली गाडी मुरमाच्या रस्त्यावर ब्रेकला घसरते, कारण टायरला दगड-मातीवर बसायलाच जमत नाही. पुढचा आकडा बहुतेक गाड्यांना डबलसीटलाही बदलत नाही. पुढं २५ सांगितलेत तर २५ च ठेवा.

हवा कमी असल्याच्या खुणा टायर-ट्यूब स्वतःच दाखवतात, फक्त वाचता आल्या पाहिजेत. ट्यूबवाल्या गाडीचा व्हॉल्व्ह रिंगेतून सरळ आरीच्या दिशेनं उभा असायला पाहिजे. तो तिरका झालेला दिसला तर समजा की कमी हवेत ब्रेक मारून मारून टायर रिंगेवर सरकलाय आणि ट्यूबला सोबत ओढतोय. असा व्हॉल्व्ह एक दिवस मुळाशी फाटतो आणि सगळी हवा एका दमात जाते. मुळाशी फाटलेल्या ट्यूबला पॅच बसत नाही, ट्यूबच बदलावी लागते. दुसरी खूण म्हणजे शेजारी शेजारी दोन बारीक भोकं. गिऱ्हाईक टायरमध्ये खिळा शोधत बसतं, पण खिळा नसतोच. खड्ड्यात टायर रिंगेपर्यंत बसला आणि ट्यूब मधे चिमटली, त्याची ती दोन भोकं. अशा वेळी रिंगेच्या काठावरूनही हात फिरवावा, बहुतेक वेळा तिथं खोक लागते. तिसरी खूण नक्षीची: मधली पट्टी चांगली आणि दोन्ही कडा घासलेल्या असतील तर हवा बराच काळ कमी राहिलेली आहे.

अंगठ्यानं दाबून किंवा लाथ मारून हवा कळते असा फार जणांचा समज आहे. मलाही कळत नाही, आणि हे काम मी रोज करतो. मागचा टायर २० पौंडांवरही अंगठ्याला टणकच लागतो. गेजला पर्याय नाही. खिशात मावणारं साधं गेज दोन-तीनशे रुपयांत मिळतं. दूधवाल्यांनी, पोस्टमननी, गावोगाव फिरणाऱ्या औषधवाल्यांनी, आशाताईंनी ते घ्यावंच. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी, गाडी थंड असताना बघावं. धड ट्यूबमधूनही महिन्याला एक-दोन पौंड हवा आपोआप जाते, त्यामुळं "मागच्या महिन्यातच भरली होती" याला अर्थ नाही.

ट्यूबलेस टायरवाल्यांनी तर जास्त जपावं. आपल्या शिवारात बाभळीचा काटा कुठंही लागतो. ट्यूबच्या गाडीत काटा शिरला की घटकाभरात गाडी बसते आणि माणूस थांबतो. ट्यूबलेसमध्ये काटा तसाच रुतून राहतो आणि हवा दिवसाला एक-दोन पौंड अशी झिरपत राहते. गाडी चालत राहते, म्हणून कोणी बघत नाही. आठ दिवसांनी टायर पंधरावर आलेला असतो आणि मालक त्यावर मागं बायकोला बसवून देगलूरला निघालेला असतो. वळणावर मागचं चाक डोलल्यासारखं वाटलं, हँडल जड लागलं, की थांबून बघावं. आणि व्हॉल्व्हची टोपी हरवली तर लगेच दुसरी बसवावी. काळ्या मातीची धूळ आत पिनेवर बसली की हवा हळूहळू सुटायला लागते.

पावसाळ्यात हवा कमी केली की पकड वाढते असंही म्हणतात. शेताच्या चिखलवाटेवर हळू जाताना थोडा फरक पडत असेल, पण तोच टायर घेऊन तुम्ही डांबरी रस्त्यावर आलात आणि वेग घेतलात की मऊ टायर पाणी नीट बाजूला सारत नाही, पाण्यावर तरंगायला लागतो. पावसाळ्यात बघायची ती नक्षी. गुळगुळीत टायरला कितीही हवा भरा, ओल्या रस्त्यावर तो धरत नाही.

आणि हिवाळा. हवा बघायची खरी गरज आपल्याकडं तेव्हा असते आणि तेव्हाच कोणी येत नाही. परभणीकडं मे महिन्यात पारा ४२-४३ पर्यंत जातो आणि डिसेंबर-जानेवारीतल्या कित्येक पहाटे तो दहाच्या खाली असतो. सहा अंशाला एक पौंड हा हिशेब लावा. भर उन्हात भरलेल्या हवेतले पाच पौंड थंडीच्या पहाटे नुसत्या हवामानानं गेलेले असतात, झिरपलेली हवा वेगळी. दिवाळीनंतर एकदा आणि संक्रांतीच्या आधी एकदा मुद्दाम मोजून घ्यावी. नायट्रोजन भरला की यातून सुटका होते का, असं पोरं विचारतात. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, आणि तापल्यावर वाढणं नि थंड झाल्यावर उतरणं हे त्याचंही होतं. रोजच्या मोटारसायकलीला त्यासाठी पैसे घालू नयेत. त्या पैशात गेज घ्यावं.

आता मागणं. पेट्रोल पंपावर वाहनांना मोफत हवा देणं हा तेल कंपन्यांच्या नियमांचाच भाग आहे, ती मेहरबानी नाही. प्रत्यक्षात आपल्या रस्त्यावर काय दिसतं? कुठं नळी फाटलेली, कुठं "लाइट नाही", कुठं हवा आहे पण गेजची काच फुटून काटा एकाच जागी अडकलेला. हवा भरणारं पोरगं अंदाजानं नळी लावतं आणि माणूस समाधानानं निघून जातो. एका पंपावर मी माझं गेज लावून बघितलं तेव्हा तिथल्या आणि माझ्या आकड्यात सात पौंडांचा फरक होता. माझं गेज त्याच आठवड्यात मी नव्या गेजशी ताडून घेतलेलं होतं. सात पौंड म्हणजे एकट्याच्या आणि डबलसीटच्या आकड्यातल्या अंतराहून जास्त. पंपमालकांना माझी कळकळीची विनंती आहे की महिन्यातून एकदा गेज ताडून घ्या आणि हवेच्या नळीजवळ मराठीत एक पाटी लावा: 'गाडीवरचा आकडा सांगा. डबलसीट असाल तर तेही सांगा.' मापात पेट्रोल कमी आलं तर आपण भांडतो. चुकीच्या गेजवर भरलेल्या हवेबद्दलही गिऱ्हाइकानं तितक्याच हक्कानं बोलावं.

शोरूमवाल्यांनी गाडीला हार घालून फोटो काढून झाल्यावर दोन मिनिटं काढून ते स्टिकर कुठं आहे हे गिऱ्हाइकाला बोट लावून दाखवावं, आणि ते काढू नका म्हणून सांगावं. मोटारसायकली बनवणारं वाळूज आपल्या मराठवाड्यात आहे, टायरचा मोठा कारखाना तिथंच आहे, आणि आपल्याच गावांत नव्या गाडीच्या मालकाला हवेचा आकडा माहीत नसतो, याचं मला वाईट वाटतं. जानेवारीत रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम होतो. हेल्मेटच्या फेऱ्या निघतात, त्या निघाव्यातच. त्याच वेळी प्रत्येक तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी दोन माणसं गेज घेऊन बसवली आणि येणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलीची हवा मोजून आकडा मालकाला सांगितला, तर खर्च जवळजवळ काहीच नाही. बाजाराला येणारी गाडी नेहमी ओझ्याची असते, त्यामुळं तिथं जे दिसेल ते खरं दिसेल. आमच्यासारखे टायरवाले त्यासाठी एक दिवस दुकान बंद ठेवतील. मी तरी ठेवीन.

ज्यांच्याकडं गेज आहे पण ते बरोबर दाखवतं का याची शंका आहे, त्यांनी सकाळी आठच्या आत गेज घेऊन यावं. माझ्याकडच्या दोन गेजशी ताडून किती फरक आहे ते त्यावरच चिठ्ठी चिकटवून देईन. त्याचे पैसे घेत नाही.

आपला,
एक टायर-पंक्चर दुकानदार
ता. अहमदपूर, जि. लातूर